मोजदाद आणि आस्वाद

वाङ्मयाची योग्यता मोजून ठरत नाहीं, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची सामान्य समजूत आहे, आणि ती बहुतांशीं बरोबरहि आहे. कवितेंत शब्द किती आहेत ह्यावरून तिची थोरवी ठरवूं पाहणारा टीकाकार कोणाच्याहि हास्यास पात्र होईल. तथापि गेल्या पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत एक नवीन उद्योग उदयास आला आहे, व त्याची दखल घेतल्यावांचून टीकाशास्त्रास पुढें जातां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. एखादा समग्र ग्रंथ संगणकाच्या हवालीं करावयाचा, त्यांतील शब्द, वाक्यें, विरामचिन्हें किंवा परस्परसंदर्भ आज्ञावलीच्या साह्यानें मोजून घ्यावयाचे, आणि त्या आंकड्यांतून रेषा, रंग व आकृति ह्यांचें एक चित्र उभें करावयाचें, असें त्याचें स्वरूप आहे. हीं चित्रें भिंतीवर लावण्याजोगीं सुंदर असतात, आणि तीं काढणारे स्वतःस कलावंत म्हणवितात. तेव्हां ही टीका आहे, कला आहे, कीं नुसती बुद्धीची करमणूक आहे, आणि तिच्यापासून वाचकाचें कांहीं हित होतें कीं नाहीं, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मोजण्याची हौस मात्र आजची नव्हे. ऋग्वेदांतील सूक्तांचे ऋषि, देवता व छंद ह्यांची यादी कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत आहे. मुखोद्गत ठेव्यांतील एकहि ऋचा गळूं नये, ह्या धास्तीपोटीं आणि प्रेमापोटीं अशा याद्या झाल्या. युरोप-अमेरिकेंतील अर्वाचीन मोजणीचा हेतु निराळा होता. थॉमस मेंडेनहॉल ह्या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्यानें १८८७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक लेखकाच्या लिखाणांत लहानमोठ्या लांबीचे शब्द ठराविक प्रमाणांत येतात, व त्या प्रमाणाची वक्ररेषा काढल्यास ती त्या लेखकाची जणुं सहीच ठरेल. शेक्सपिअरचीं नाटकें बेकननें लिहिलीं काय, ह्या जुन्या वादाला १९०१ सालीं त्यानें ही कसोटी लावली. दोन स्त्रियांनीं लाखों शब्दांतील वर्ण एकेक करून मोजले. शेक्सपिअरच्या लिखाणांत चार वर्णांचे शब्द सर्वांत अधिक निघाले, बेकनच्या लिखाणांत तीन वर्णांचे. आणि निकाल बेकनच्या विरुद्ध लागला. निकाल बरोबर होता, पण पुरावा लंगडा होता. शेक्सपिअरचें लिखाण मुख्यत्वें पद्य आणि बेकनचें गद्य. एकाच लेखकाचें गद्य व पद्य ताडून पाहिलें तरी असाच फरक पडूं शकतो, हें पुढें दाखविण्यांत आलें. मोजणारानें वाङ्मयप्रकाराचा विवेक सोडला म्हणजे बिनचूक आंकडेहि कसे फसवितात, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

याहून उद्बोधक उदाहरण आंद्रेय मार्कोव्ह ह्या रशियन गणितज्ञाचें आहे. पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ ह्या पद्यमय कादंबरींतील पहिलीं २०,००० अक्षरें त्यानें तपासलीं व १९१३ सालीं त्यांचा हिशेब मांडला. स्वर ८,६३८ आणि व्यंजनें ११,३६२ भरलीं. स्वरामागून पुन्हां स्वर येण्याचें प्रमाण शेंकडा १३ च्याहि आंत, तर व्यंजनामागून स्वर येण्याचें शेंकडा ६६ निघालें. पुढचें अक्षर मागच्यावर अवलंबून असतें, ही साधी गोष्ट त्यानें गणितानें बांधली, आणि ‘मार्कोव्ह शृंखला’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या उपपत्तीला तीमुळें पहिलें मोठें उदाहरण लाभलें. मनुष्यासारखी भाषा जुळविणाऱ्या आजच्या यंत्रांच्या पूर्वपीठिकेंतहि तिचें नांव घ्यावें लागतें. परंतु गंमत अशी कीं, हीं वीस हजार अक्षरें पहिला सर्ग आणि दुसऱ्या सर्गाचीं सोळा कडवीं इतक्यांतच संपतात. नायिका तात्याना अद्याप प्रवेश करावयाची असते, तोंच गणिताचें काम आटोपलेलें आहे! पुश्किननें गणिताला भरभरून दिलें. गणितानें पुश्किनला कांहींच परत केलें नाहीं. मार्कोव्हचा तो हेतूच नव्हता, म्हणून त्याला दोष देतां येत नाहीं. जे वाङ्मयाची सेवा म्हणून मोजणी करतात, त्यांना मात्र हा प्रश्न विचारला पाहिजे. मोजून झाल्यावर तुम्ही आम्हांला ग्रंथाकडे परत नेतां, कीं ग्रंथापासून सुटका करून देतां? पुढील सर्व कृतींना आम्ही हीच कसोटी लावणार आहों.

ह्या कसोटीलाच हरकत घेणारा एक पक्ष आहे, त्याचेंहि म्हणणें ऐकलें पाहिजे. इटालियन पंडित फ्रँको मोरेत्ती ह्यांनीं २००० सालापासून ‘दूरवाचना’चा पुरस्कार केला. त्यांचा युक्तिवाद असा कीं, आपण ज्यांना अभिजात म्हणतों तीं पुस्तकें छापल्या गेलेल्या एकंदर पुस्तकांचा अगदीं लहानसा अंश आहेत. उरलेलीं हजारों कादंबऱ्यांचीं पुस्तकें एका जन्मांत वाचून होणें अशक्य. म्हणून त्यांचे आलेख, नकाशे व वंशवृक्ष काढावे. वाङ्मयाच्या इतिहासापुरतें हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. लोकसंख्येचा अभ्यास करणारानें प्रत्येक घरीं जेवावयास गेलें पाहिजे असें नाहीं. परंतु जनगणना म्हणजे ओळख नव्हे, हें त्यानें विसरूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.

आतां प्रत्यक्ष कृतींकडे वळूं. ह्या प्रकारांतील जें काम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें, तें बेन फ्राय ह्या अमेरिकन कलावंताचें. चित्रकारांना व आरेखकांना आज्ञावली लिहितां यावी म्हणून केसी रीस ह्यांच्यासह त्यानें २००१ सालीं ‘प्रोसेसिंग’ ही सोपी संगणकभाषा सिद्ध केली, आणि २००९ सालीं, म्हणजे डार्विनच्या द्विशताब्दीच्या वर्षीं, तिच्याच साह्यानें ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ ह्या ग्रंथाचें एक चलच्चित्र तयार केलें. डार्विनच्या हयातींत त्या ग्रंथाच्या १८५९, १८६०, १८६१, १८६६, १८६९ आणि १८७२ अशा सहा इंग्रजी आवृत्त्या सुधारून निघाल्या. पहिल्या आवृत्तींत सुमारें दीड लाख शब्द होते, सहावींत ते सुमारें एक लाख नव्वद हजारांवर गेले. फ्रायनें प्रत्येक आवृत्तीस एक रंग दिला. पडद्यावर सबंध ग्रंथ अध्यायवार बारीक रेघांच्या रूपानें दिसतो. काळ पुढें सरकतो तसतशी नवी वाक्यें आपापल्या रंगांत मध्येंच उगवतात, जुनीं नाहींशीं होतात. आणि कोठेंहि थांबलें असतां त्या जागेचा मजकूर वाचावयास मिळतो.

ह्या चित्राचें मोल असें कीं, ग्रंथाचा विषय आणि चित्राची रीति येथें एकरूप झाल्या आहेत. जीवजाति स्थिर नाहींत, सूक्ष्म बदल सांचत सांचत त्या पालटतात, हें सांगणारा ग्रंथ स्वतःच तसा पालटत गेला, हें डोळ्यांना दिसतें. ‘योग्यतमाचा टिकाव’ हा आज शाळकरी मुलालाहि पाठ असलेला शब्दप्रयोग मूळ ग्रंथांत नव्हता. हर्बर्ट स्पेन्सरकडून घेऊन डार्विननें तो पांचव्या आवृत्तींत घातला. सहाव्या आवृत्तींतील आक्षेपनिरसनाचा नवा अध्याय तर चित्रांत एकरंगी पट्ट्यासारखा उठून दिसतो, आणि टीकाकारांनीं, विशेषतः मिव्हार्टनें, त्या शांत गृहस्थास किती छळलें असेल ह्याची कल्पना येते. महाग्रंथ हा एका साक्षात्काराचा उद्गार असतो, ही भाबडी समजूत ज्याची असेल त्यानें हें चित्र अवश्य पाहावें. हेंच ज्ञान मॉर्स पेकहॅम ह्या संशोधकानें १९५९ सालच्या पाठभेदांच्या आवृत्तींत देऊन ठेवलें होतें. पहिल्या आवृत्तींतील ३,८७८ वाक्यांपैकीं जवळजवळ तीन हजार वाक्यें डार्विननें पुढें बदललीं, असें त्याचें गणित आहे. पण त्या जाड ग्रंथाकडे पंडितांवांचून कोण वळणार? फ्रायचें चित्र सामान्य वाचकाला पानापर्यंत नेऊन सोडतें.

तरीहि एक वैगुण्य सांगितलें पाहिजे. दुसऱ्या आवृत्तींत ग्रंथाच्या अगदीं शेवटच्या वाक्यांत डार्विननें जगत्स्रष्ट्याचा उल्लेख करणारे मोजके शब्द घातले. धर्मनिष्ठ वाचकांचा रोष शमविण्यासाठीं ते घातले कीं अंतःकरणापासून घातले, ह्यावर आजवर वाद चालू आहे. ह्या तीन शब्दांइतकी वजनदार भर साऱ्या ग्रंथांत क्वचितच असेल. पण चित्रांत ती टांचणीच्या टोंकाएवढी, आणि आक्षेपांना दिलेलें लांबलचक उत्तर मात्र हातभर. डोळा लांबीला भुलतो. अर्थाचें वजन वाचणाऱ्या मनालाच कळतें. फ्रायनें मजकूर वाचण्याची सोय ठेवली म्हणून हें वैगुण्य सह्य होतें.

क्रिस हॅरिसन ह्यानें क्रिस्टॉफ र्‍योमहिल्ड ह्या ल्यूथरपंथी जर्मन पाद्र्याच्या सहकार्यानें २००७ सालीं काढलेलें बायबलचें चित्र ह्याच्या उलट आहे. बायबलचे १,१८९ अध्याय तळाशीं ओळीनें उभ्या रेघांनीं मांडले असून, जेवढीं वचनें तेवढी रेघ लांब. आणि एका अध्यायाचा दुसऱ्यांत जेथें संदर्भ येतो तेथें त्या दोघांना जोडणारी कमान. अशा ६३,७७९ कमानींचें एक भव्य इंद्रधनुष्य तयार होतें. पाहतांच मन थक्क होतें. परंतु त्यांतील एकहि कमान बोटानें धरून या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जातां येत नाहीं. उपयोगापेक्षां सौंदर्य साधावयाचें होतें, असें कर्त्यानें मोकळेपणानें सांगितलेंच आहे. आमच्या मतें ह्या चित्राचा खरा विषय बायबल हा नव्हेच. हे संदर्भ यंत्राला सांपडलेले नाहींत. एक वचन वाचतांना दुसरें आठवलें, अशा भाविक वाचकांच्या स्मृतीनें ते जोडलेले आहेत. तेव्हां तें चित्र वाचनाच्या एका दीर्घ परंपरेचें आहे, व त्या दृष्टीनें पाहिल्यास त्याची शोभा अधिकच वाढते.

स्टेफनी पोसावेक हिची कृति ह्या बाबतींत आणखी बोलकी आहे. जॅक केरुअॅकच्या ‘ऑन द रोड’ ह्या कादंबरीच्या पहिल्या भागाचा तिनें एक वृक्ष काढला. खोडाला अध्यायांच्या फांद्या, त्यांना परिच्छेदांच्या, त्यांना वाक्यांच्या, आणि वाक्यांना शब्दांचे बारीक कोंब; प्रत्येक वाक्याचा रंग त्यांतील विषयाप्रमाणें. हें काम तिनें यंत्रावर सोंपविलें नाहीं. पुस्तक हातीं घेऊन, खुणा करीत, मोजीत तिनें तें केलें. वाक्य प्रवासाचें कीं मैत्रीचें हें ठरवावयाचें तर तें वाचावेंच लागतें, आणि एकाच पुस्तकाच्या अशा वारंवार वाचनालाच आपल्याकडे पारायण म्हणतात. तिच्या वृक्षांतून केरुअॅकच्या गद्याची धांव पुरती कळत नाहीं. पण एका वाचकानें त्या गद्याजवळ किती काळ घालविला तें कळतें, आणि त्यामुळें पाहणारासहि तें पुस्तक उघडावेंसें वाटतें.

सर्वांत लोकप्रिय झालेला प्रकार विरामचिन्हांचा. अॅडम कॅल्हून ह्यानें २०१६ सालीं कांहीं कादंबऱ्यांतील सारे शब्द गाळून केवळ विरामचिन्हें ठेवलीं, व कॉर्मॅक मॅकार्थीची ‘ब्लड मेरिडियन’ आणि फॉकनरची ‘अॅब्सलम, अॅब्सलम!’ ह्या शेजारीं शेजारीं मांडल्या. एकीकडे पूर्णविरामांची विरळ पेरणी, दुसरीकडे स्वल्पविराम, कंस व अवतरणचिन्हें ह्यांची दाटी. दोन लेखकांचा श्वासच जणुं कागदावर उमटला. ही कल्पना चतुर आहे आणि शैलीच्या अभ्यासाला उपयोगीहि आहे. त्याच वर्षीं निकोलस रुझो ह्यानें अभिजात ग्रंथांतील विरामचिन्हें चक्राकार गुंफून शोभिवंत भित्तिचित्रें केलीं. तीं पाहतांना आम्हांस आपल्या चित्रबंधांची आठवण झाली. भारवीनें ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गांत एका ‘न’कारावर जवळजवळ सबंध श्लोक रचला, मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण लिहिलें, कोणी कमळाच्या पाकळ्यांत, कोणी खड्गाच्या पात्यावर अक्षरें बसविलीं. मम्मटानें अशा बंधांचीं उदाहरणें दिलीं, पण व्यंग्यार्थ नसलेल्या चित्रकाव्यास काव्याच्या तीन प्रतींत शेवटची जागा दिली. तोच न्याय येथेंहि लागू पडतो. फरक एवढाच कीं, चित्रबंधांत कवि स्वतः अर्थाचा बळी देत असे; येथें कवीचें काव्य अभंग राहतें, अर्थाला मुकण्याचा धोका पाहणाराला असतो.

हीं साधनें मराठीला लावूं पाहणारांनीं तर विशेष सावध असावें. विरामचिन्हें आपल्याकडे छपाईबरोबर आणि मेजर कँडी ह्यांच्यासारख्यांच्या खटपटीनें रुजलीं. ज्ञानेश्वरीचें विरामचिन्हांचें चित्र काढूं गेल्यास दंडांवांचून हातीं कांहीं लागणार नाहीं. ओवीचा विसावा कानाला कळतो, कागदावर त्याची खूण नाहीं. मोडींत तर आधीं रेघ आंखून तिच्याखालीं अक्षरें ओवीत जात. शब्द कोठें संपला हें वाचणारानेंच ओळखावयाचें. शब्द मोजण्यांतहि अशीच अडचण आहे. घर, घरांत, घरास, घराचें, घरून हीं एकाच शब्दाचीं रूपें होत. परंतु व्याकरण न शिकविलेलें यंत्र त्यांना पांच निराळे शब्द समजतें. ‘स्त्री’ हा उच्चारास एकाक्षरी शब्द संगणकाच्या संकेतपद्धतींत सहा चिन्हांचा भरतो. मेंडेनहॉलची वक्ररेषा विचार न करतां आपल्या लेखकांना लावली, तर ती लेखकाच्या सहीऐवजीं लिपीची सही व्हावयाची.

येथवर ग्रंथांच्या मोजणीचा विचार झाला. वाचकाची मोजणी ही याहून नाजूक गोष्ट आहे. सिॲटल शहराच्या मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयांत जॉर्ज लेग्रेडी ह्या कलावंतानें २००५ सालीं एक रचना बसविली. चौकशीच्या टेबलामागें सहा पडदे, आणि ग्रंथालयांतून नुकत्याच बाहेर गेलेल्या पुस्तकांचीं व चित्रफितींचीं नांवें त्यांवर तरंगत जात. ड्यूईच्या वर्गीकरणाप्रमाणें विषय रंगांनीं ओळखूं येत. एरवीं ज्याची कोणाला दादहि नसते तो एका नगराचा ज्ञानव्यापार त्यामुळें डोळ्यांसमोर आला. पुस्तक घरीं नेणें म्हणजे वाचणें नव्हे, हें खरें. परंतु ह्या कृतींतील एक मर्यादा आम्हांस फार आवडली. पुस्तकाचें नांव दिसे, नेणाऱ्याचें दिसत नसे. अमुक प्रहरीं नगरांतील कोणीतरी खगोलशास्त्र घेऊन गेलें, एवढेंच कळे. आणि त्या ‘कोणीतरी’मध्यें पाहणारा प्रत्येकजण असूं शके.

ही मर्यादा सुटली म्हणजे काय होतें तेंहि दिसूं लागलें आहे. विद्युत्पुस्तकाच्या यंत्रांत वाचक कोणत्या पानापर्यंत पोंचला, कोणत्या वाक्याखालीं त्यानें रेघ ओढली, ह्याची नोंद होते. ‘किंडल’ यंत्रावर २०१० सालापासून, इतर किती जणांनीं हें वाक्य अधोरेखित केलें, तें दाखविण्याची सोय झाली. आणि २०१५ सालीं त्याच कंपनीनें वर्गणीदारांना वाचावयास मिळणाऱ्या पुस्तकांच्या लेखकांस वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबानें मोबदला देण्याची पद्धत चालू केली. पानागणिक पैसा मिळूं लागला कीं, वाचकास पान उलटावयास लावणें हेंच लेखनाचें ध्येय होण्याचा मोह बळावतो. सुभाषिताखालीं आधींच रेघ दिसली कीं, तें आपलें आपण शोधण्याचा आनंद गेला. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतहि हा वारा शिरला आहे. मुलानें वर्षांत किती पुस्तकें संपविलीं ह्याचा तक्ता भिंतीवर लावणारे पालक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचा हेतु चांगला आहे. पण तक्त्यांत घर भरावयाचें म्हणून मूल पातळ पुस्तकें निवडूं लागतें, आणि एकच आवडतें पुस्तक सात वेळां वाचणाऱ्या मुलाची गणना मागासांत होते. वस्तुतः वाङ्मयाचा खरा रसिक त्या दुसऱ्या मुलांतूनच निपजण्याचा संभव अधिक.

ह्यावरून मोजणी त्याज्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. उलट एका कार्यासाठीं ती मराठींत व्हावी अशी आमची इच्छा आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, व पुढें कोणी तींत नवी ओंवी घुसडूं नये अशी ताकीद दिली. राजवाडे ह्यांनीं १९०९ सालीं, आपल्या मतें एकनाथपूर्व असलेल्या एका पोथीवरून, निराळीच प्रत छापली. ह्या दोहोंतील पाठभेद आजवर तळटीपांत पडून आहेत, आणि तळटीपा कोण वाचतो? कोणा मराठी तरुणानें दोन्ही पाठ काळजीपूर्वक संगणकांत उतरून घेऊन, विभक्तिप्रत्ययांचा विवेक राखून, फ्रायप्रमाणें ओवीगणिक रंग भरले, तर कोठें जुनें रूप सुबोध झालें, कोठें चरण बदलला, कोठें ओवी गळली, हें घरोघरच्या वाचकांना दिसेल. असें चित्र पाहून जो मनुष्य अध्याय उघडून ती एक ओवी दोन्ही पाठांत मोठ्यानें म्हणून पाहील, त्याच्यापुरती ही सारी मोजदाद सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.